मासळी ताजी, बार जुना: मुंबईत नेमकं बसायचं कुठे?

कांदेवाडीकर | मंगळवार, रात्री १०.०५

मंडळी, एरवी मी इथे नुसता वाचतो. पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. येत्या शनिवारी नागपूरचे दोन दोस्त येणार आहेत. गोवा झालं, मालवण झालं, आता त्यांना मुंबईची मासळी खायची आहे. मागणी ऐका: होडीवरून उतरलेली मासळी आणि त्याच वस्तीतला एखादा जुना बार. मॉल नको, काचेच्या टाकीतला खेकडा नको, निळे दिवे आणि कानठळ्या बसवणारी गाणी तर नकोच. वर ऐकवलंही, "तुमच्याकडे एवढे कोळीवाडे आहेत, त्यात काय अवघड?"

मी गिरगावचा. मासे आठवड्यातून चार वेळा, पण ते खायचे घरी आणि 'बसायचं' बाहेर, असा आमचा रिवाज. दोन्ही एकत्र, तेही दर्याच्या काठाला, असं ठिकाण पटकन आठवेना. डोक्यात वेसावे (वर्सोवा), मढ, वरळी आणि ससून डॉक आहेत. खर्चाला हात आखडता घेणार नाही, पण एका पापलेटसाठी घर गहाण ठेवायचं नाही. जाणकारांनी तोंड उघडावं.

दीड_पेग | मंगळवार, रात्री १०.२१

वरळी कोळीवाडा. गोल्फादेवीचं दर्शन, मग किल्ला, मग बार. कोळीवाडा म्हटला की बार असणारच, शोधायला लागत नाही.

तिखटजाळ | मंगळवार, रात्री १०.३०

वाचतोय. चटई टाकून बसलोय.

वेसावकरीण | मंगळवार, रात्री ११.१२

दीड_पेग, कोळीवाडा म्हटला की बार असणारच हे तुम्हाला कोणी सांगितलं? हळदीच्या रात्रीचे व्हिडिओ बघून आमच्याबद्दल मत बनवणारे खूप आहेत, त्यात आणखी एक भर.

कांदेवाडीकर दादा, तुमच्या मित्रांना जे हवंय ते मुंबईत जवळजवळ नाही, आणि का नाही ते सांगते. पुरुष दर्यात जातो, म्हावरं धक्क्यावर आलं की ते बाईच्या ताब्यात. ती ते निवडते, वाटे लावते, पाटी घेऊन बाजारात बसते. शिजवणं घरात. पाहुणा आला तर घरात जेवतो. बंदराला लागून टेबलं मांडून परक्याला वाढायचं आणि सोबत बाटली द्यायची, ही आमची जुनी पद्धतच नाही. आता आता काही ठिकाणी बायकांच्या बचत गटांनी खाणं सुरू केलंय. माहीम कोळीवाड्यात चौपाटीला पालिकेने जागा दिली, तिथे बायका समोर तळून देतात. आमच्याकडे जानेवारीच्या सुमारास सीफूड फेस्टिव्हल भरतो, तेव्हा या, पाय ठेवायला जागा नसते. पण या सगळ्या ठिकाणी बायका-पोरं असतात. तिथे दारू मिळत नाही, आणि पिऊन आलेलं चालत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. येत्या शनिवारी अष्टमीच्या पुढेमागे आहात. म्हणजे भांगाची भरती. पाण्याला ओढ नसते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा हे सगळं डोलीच्या जाळ्याचं म्हावरं. डोल म्हणजे दर्यात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, ते कोणाच्या मागे धावत नाही, पाणीच म्हावरं आणून त्यात घालतं. ओढ नाही तर म्हावरं नाही. भांगाला आमची माणसं जाळी शिवत बसतात. आठवडाभर थांबा, अमावास्येला उधाण लागेल, मग बोंबील कसा असतो ते नागपूरकरांना कळेल.

कांदेवाडीकर | मंगळवार, रात्री ११.४०

ताई, पंचांग बघून मासे खायचे हे आईकडून ऐकलं होतं, पण ते चिंबोरीपुरतं. अमावास्येची चिंबोरी भरलेली म्हणून. विचारतो त्यांना, तिकीट बदलता येतंय का.

जुना_प्रूफरीडर | बुधवार, सकाळी ७.५०

वेसावकरीण ताईंनी कोळीवाड्याची बाजू सांगितली. बाराची बाजू मी सांगतो, कारण दोन्ही एकत्र का नाहीत याचं अर्धं उत्तर सचिवालयात आहे.

आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा (आताचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा) आहे. 'होता' नाही, आहे. तो कधी रद्द झाला नाही. सैल झाला. म्हणून आजही कागदोपत्री महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि म्हणूनच बाराच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. बियरला वय २१ पूर्ण, कडक दारूला २५. नागपूरकर पन्नाशीचे असतील तर त्याची काळजी नाही.

मोरारजीभाईंच्या बंदीच्या काळात मुंबई प्यायची थांबली असं कोणाला वाटत असेल तर त्याने माझ्या वडिलांना भेटायला हवं होतं. वांद्रे, माहीम, माझगाव, धोबीतलाव, जिथे जिथे जुनी ख्रिस्ती वस्ती तिथे 'आंटी'चं घर. पुढच्या खोलीत येशूची तसबीर, आतल्या खोलीत बाकडं. एक नवटाक, सोबत मीठ लावलेले चणे किंवा उकडलेलं अंडं. क्वचित तळलेला बोंबील. माल खाडीपलीकडच्या हातभट्ट्यांवरून यायचा. म्हणजे मासळी आणि दारू एका छपराखाली असण्याची ती एक वेळ होती, पण बेकायदा. बंदी सैल झाल्यावर आंटी मागे पडल्या, परवाने ज्यांना मिळवता आले त्यांनी बार काढले. परवाना म्हणजे जागा, पैसा, कचेरीतल्या खेपा. कोळणीकडे म्हावरं होतं, परवाना नव्हता. परवाना गेला उडुपी-मंगळूरकडच्या हॉटेलवाल्यांकडे, ज्यांना धंदा चालवायचा सराव होता.

तर मुंबईचा 'अस्सल बार' हा बंदरावर नाही. तो फोर्टात, गिरगावात, लालबागेत, स्टेशनच्या बाहेर आहे, आणि तिथला मासा मंगळुरी मसाल्यात येतो.

दीड_पेग | बुधवार, सकाळी ९.१५

मग शेट्टीच्या बारात खाल्लं तर ते मुंबईचं कसं? अस्सल म्हणजे स्थानिक ना?

फोर्टची_दुपार | बुधवार, दुपारी १.३०

अहो, तो शेट्टी तीन पिढ्या इथे आहे. त्याचा वेटर तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो. पुढे बोला.

मी बँकेत, ऑफिस हॉर्निमन सर्कलच्या मागे, त्यामुळे या भागाचा अभ्यास दांडगा आहे. फोर्टात महेश लंच होम, अपूर्वा, त्रिष्णा अशी मोठी नावं आहेत. खेकडा बटर-गार्लिकमध्ये खायचा असेल तर जरूर जा, खिशाकडे बघून. पण नागपूरकरांना हवंय ते त्यांच्या अलीकडच्या गल्लीत: रेक्झिनची बाकडी, भिंतीवर व्यंकटेश आणि समोर ओल्ड मंक, वरच्या मजल्यावर एसी असेल तर तिथे दर जास्त. कुलाब्याचं गोकुळ, वांद्र्याला पाली नाक्याचं जनता, ही त्या जातीतली सगळ्यांना ठाऊक असलेली. तिथे मासळीसाठी नाही, पण बसण्यासाठी जावं.

मासळीचं कसं ओळखायचं ते सांगतो. मेन्यूकार्ड मिटून ठेवा. वेटरला विचारा, "आज काय आलंय?" जो "सगळं आहे सर" म्हणेल तिथे चणे मागवा, एक संपवा आणि उठा. सगळं आहे याचा अर्थ सगळं फ्रीझरमध्ये आहे. जो आत जाऊन विचारून येतो आणि म्हणतो, "मुडदुशी चांगली आहे, पापलेट आज नको", त्याला शेवटी टिप सढळ हाताने द्या.

लहान मासा हीच परीक्षा. पापलेट, सुरमई बर्फात दिवसच्या दिवस तग धरतात. त्यात काय ताजं, काय शिळं, हे तळल्यावर मसाल्याखाली भल्याभल्यांना कळत नाही. बोंबलाचं तसं नाही. त्याच्या अंगात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. सकाळचा बोंबील संध्याकाळी लोळागोळा. म्हणून तर तो एक तर त्याच दिवशी खातात नाही तर वलांडीवर वाळत घालतात, मधलं काही नाही. बारातला बोंबील फ्राय कडक आणि आतून मऊ लागला, तर त्या स्वयंपाकघरातून रोज सकाळी कोणीतरी बाजारात जातं असं समजा. मग बाकीचं डोळे झाकून मागवा.

आणि 'रावस' स्वस्तात मिळत असेल तर तो रावस नाही, बासा आहे. व्हिएतनामहून आलाय, त्याचा काही दोष नाही, पण त्यासाठी नागपूरहून यायची गरज नव्हती.

मालवणी_खाजा | बुधवार, दुपारी २.०५

मंगळुरी म्हणू नका हो सरसकट. दादर-लालबाग-परळात आमची माणसं आहेत. तिरफळ घातलेला बांगडा जिथे मिळतो तो बार आमचा.

फोर्टची_दुपार | बुधवार, दुपारी २.१०

मान्य. पण तिथे सोलकढीत रम ओतणारे पाहिलेत मी. ते कोण होते?

मालवणी_खाजा | बुधवार, दुपारी २.१२

ते ठाण्याचे.

ठाणेकर_राघू | बुधवार, दुपारी २.१५

निषेध!!

तिखटजाळ | बुधवार, दुपारी ३.४०

पण कोळी चव कुठल्याच बारात मिळत नाही हे खरंय. आमच्या शेजारी खारदांड्याच्या काकू राहायच्या. त्यांच्या कालवणात खोबरं नावाला नाही. लसूण ठेचलेली, चिंचेचा कोळ, घरी कुटलेला मसाला, आणि तेल वर आलेलं. लालभडक, पातळ, तांदळाच्या भाकरीवर ओतायचं. बारवाल्याला असं पातळ कालवण परवडत नाही, कारण गिऱ्हाईकाला ग्रेव्ही दाट दिसली पाहिजे. तळतानाही कोळणी रवा लावत नाहीत, मसाला आणि जेमतेम तांदळाचं पीठ. रव्याचं जाड चिलखत ही हॉटेलची देणगी.

खोपटीवाला | बुधवार, सायं. ६.२०

कशाला एवढं? मढच्या रस्त्याला माझ्या ओळखीत एक जागा आहे, पहिल्या धारेची मिळते, सोबत तळलेली मांदेली. याहून अस्सल काय

संपादक मंडळ | बुधवार, सायं. ६.५५

वरील प्रतिसादातला पत्ता काढला आहे. हातभट्टीची जाहिरात इथे चालणार नाही.

जुना_प्रूफरीडर | बुधवार, रात्री ८.३०

खोपटीवाले, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं गेली. मढला जाणारा रस्ता तिथूनच जातो. गेलेले बहुतेक रोजंदारीवरचे. त्यांना स्वस्त म्हणून ती प्यावी लागली, तुम्ही अस्सल म्हणून मागताय.

ज्याला तळागाळातलंच बघायचं असेल त्याने सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात जावं. बाहेर मावशी कढई घेऊन बसलेली असते, मांदेली, बोंबील, वजडी, उकडलेली अंडी. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला ती उधारीवर देते. तिथला मासा पुष्कळ एसी बारांपेक्षा ताजा असतो, कारण तिच्याकडे फ्रीझरच नाही.

दीड_पेग | बुधवार, रात्री ८.४५

आणि ताडी? गोराई-मनोरीला अजून मिळते म्हणतात.

मनोरीचा_पाव्लू | बुधवार, रात्री १०.१०

मिळते, पण सकाळी. झाडावरून उतरवली की गोड, उन्हं चढली की आंबते, दुपारनंतर प्यायलात तर आंबट आणि डोक्यात जाते. शहरातल्या केंद्रांवर जी पांढरीफेक विकतात तिच्यात काय काय घालतात ते विचारू नका. क्लोरल हायड्रेट या गुंगीच्या रसायनाच्या बातम्या पेपरात येतच असतात. ओळखीचा उतरवणारा असेल तर प्या, नाही तर नारळपाणी प्या.

आमच्याकडे यायचं तर मार्वेच्या जेट्टीवरून होडी, दहा मिनिटांच्या आत मनोरी. मुंबईतच आहात पण वाटत नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती, मराठी बोलतो, चर्चमधला मास मराठीत ऐकतो आणि मासा बाटली मसाल्यात करतो. घरोघरी तो मसाला उन्हाळ्यात भाजून कुटून बियरच्या बाटल्यांत दडपून भरायचे, अजून काही घरं भरतात. सोबत फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. लग्नाला आलात तर खिमाड मिळेल, गरम, दालचिनी-लवंगेची दारू. बारात मिळत नाही, कुठेच नाही.

बेटावर बसायला रिसॉर्टं आहेत. खाणं बरं, पण शनिवारी तिथे कांदिवलीची पोरं स्पीकर घेऊन येतात. तुमच्या मित्रांना निळे दिवे नकोत म्हणालात, म्हणून आधीच सांगितलं. मधल्या वारी या, बेट रिकामं असतं.

लिलाव_पाचचा | गुरुवार, पहाटे ४.४०

धक्क्यावर उभा राहून लिहितोय, चुका पोटात घाला.

ससून डॉकवरून थेट आलेली म्हणून जी मासळी हॉटेलवाले मिरवतात, तिच्याबद्दल थोडं. ससून डॉक १८७५ चा, भाऊचा धक्का त्याच्याही आधीपासूनचा. दोन्हीकडे मोठे ट्रॉलर लागतात. मोठा ट्रॉलर एका फेरीला आठ-दहा दिवस दर्यात असतो. पहिल्या दिवशी पडलेली सुरमई बर्फात बसून सगळ्यांत शेवटी उतरते. धक्क्यावर ती आज आली, पाण्याबाहेर मागच्या आठवड्यातच आली. वाईट नसते, नीट बर्फ लावलेली असेल तर उत्तम असते. पण ताजी म्हणजे काय ते समजून घ्या. ताजी हवी तर लहान होडीची घ्या, जी सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येते. वरळी, माहीम, चिंबई, खारदांडा, वेसावे इथे ती मिळते, आणि कमी मिळते.

कल्ला उचलून बघा, लाल हवा. तपकिरी झाला की पुढे चला. बोटाने दाबा, खड्डा राहता कामा नये. कल्ल्याला रंग लावणारेही असतात, म्हणून बोट पुसून बघा.

वरळीचं आणखी एक. कोस्टल रोडचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी आले तेव्हा तिथले कोळी अडून बसले. दोन खांबांतलं अंतर ६० मीटर ठरलं होतं, त्यांनी २०० मागितले, शेवटी १२० वर मिटलं. लाटेत होडी आत घ्यायची तर जागा लागते, हे इंजिनियरला कागदावर दिसत नव्हतं. त्या होड्या राहिल्या म्हणून वरळीची ताजी मासळी आहे. पुलावरून गाडीतून जाताना खाली बघा.

कांदेवाडीकर | गुरुवार, सकाळी १०.००

लिलाव_पाचचा, दंडवत. हे कुठल्याच यूट्यूबवाल्याने सांगितलं नव्हतं.

मित्र आठवडा पुढे ढकलायला तयार झाले. 'उधाण' ऐकून उलट जास्तच खूश. आता म्हणतायत, मुंबईत बंदरावर बार नसेल तर पलीकडे जाऊ का? अलिबाग?

रेवसची_लाँच | गुरुवार, सकाळी ११.२५

या की! गेटवेवरून मांडवा, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवस. २०२० पासून गाडी घालून रो-रोनेही मांडव्याला येता येतं. अलिबाग बाजाराच्या आसपास परमिट रूम आहेत आणि खानावळीही आहेत, आणि इथे मासळी-दारू एका टेबलावर यायला कोणाची हरकत नाही. खारेपाटातला जिताडा मिळाला तर नशीब. तो भावाने पापलेटला भारी पडतो आणि चवीनेही. शनिवार-रविवारी मात्र अर्धी मुंबई इथे असते आणि खानावळवाला दुपारी दोनलाच "संपलं" म्हणतो. संपलं म्हणणारा असला तर तिथे पुन्हा जा.

दीड_पेग | गुरुवार, सकाळी ११.४०

सोप्पं सांगतो. वेसाव्यात मासे घ्या, क्वार्टर घ्या, जेट्टीवर बसा. खर्च निम्मा, वारा फुकट.

वेसावकरीण | गुरुवार, दुपारी १२.१५

आणि पोलीसही फुकट. जेट्टी आमच्या कामाची जागा आहे, तिथे रात्री जाळी चढतात. काचा कोणाच्या पायात जातात ते सकाळी येऊन बघा.

फोर्टची_दुपार | गुरुवार, दुपारी १.४५

मग उलट करा. आपल्या लोकांची सवय आधी बार, मग जेवण, ती बाजूला ठेवा. दुपारी कोळीवाड्यात शुद्धीवर राहून जेवा. संध्याकाळी ट्रेन पकडून फोर्टात बसा, तिथे फक्त चखणा. मासा खायला एक जागा, प्यायला दुसरी. मुंबईत हे असंच आहे, आणि मला विचाराल तर असंच बरं आहे. ताज्या बोंबलासोबत व्हिस्की प्यायलात तर बोंबील वाया आणि व्हिस्कीही.

मालवणी_खाजा | गुरुवार, दुपारी २.००

बियर चालते.

फोर्टची_दुपार | गुरुवार, दुपारी २.०३

बियर चालते.

वेसावकरीण | गुरुवार, रात्री ९.३०

कांदेवाडीकर दादा, येणार असाल तर दुपारी बाराच्या आत या. ओळखीच्या बचत गटाला सांगून ठेवते, आदल्या दिवशी माणसं किती ते कळवा, ऐनवेळी दोन वाढवू नका. पापलेट मागू नका. छोटं पापलेट बाजारात येतं ते बघवत नाही. तो राज्य मासा केला २०२३ मध्ये, किमान आकाराचा नियमही आला, पण हॉटेलांना ताटलीत मावणारं हवं असतं म्हणून पिल्लं पकडली जातात आणि मग सगळे विचारतात, पापलेट कमी का झालं. बोंबील, मांदेली, करंदीचं आंबट कालवण, जमलं तर माकुल (स्क्विड). एवढं पुरे.

कांदेवाडीकर | रविवार, सायं. ५.१० (पुढचा आठवडा)

वृत्तांत. लांबण लावत नाही.

पहाटे भाऊच्या धक्क्यावर नेलं. नागपूरकरांचे बूट कामातून गेले, पण लिलाव बघून बोलती बंद. एक बाई बोटांच्या खुणांनी भाव करत होती आणि समोरचा दलाल घामाघूम. मग वेसाव्याला. उधाण होतं, बोंबील पाट्या भरभरून. ताटात आला तेव्हा एकजण म्हणाला, "याला काटाच नाही का?" होता, त्याने खाल्ला होता. करंदीचं कालवण दोघांनी वाटीने प्यायलं. दारूची आठवणही निघाली नाही हे मुद्दाम नोंदवतो, कारण हे दोघे गोव्यात सकाळी दहाला सुरू करतात.

संध्याकाळी बाजारगेटकडच्या एका बारात. नाव विचारू नका, सहा टेबलं आहेत. वेटर काका धोतरातले नाहीत पण वयाने तेवढेच. "आज काय आलंय?" विचारलं. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं, आत गेले, परत आले. "मुडदुशी आहे, चार नग. सुरमई कालची." चारही घेतल्या. रवा होता, तिखटजाळ यांची क्षमा मागतो, पण पातळ होता. रम, थम्स अप, शेंगदाणे. शेजारच्या टेबलावर दोन काका १९८२ च्या गिरणी संपावरून अजून भांडत होते, त्यांच्या भांडणात आम्हीही थोडे घुसलो.

बिल तिघांचं मिळून मॉलमधल्या एका माणसाएवढं.

जुना_प्रूफरीडर | रविवार, सायं. ५.४०

संपाच्या भांडणात कोण जिंकलं?

कांदेवाडीकर | रविवार, सायं. ५.४४

वेटर. बत्ती मालवली.

दीड_पेग | रविवार, सायं. ६.०२

नाव सांगा ना राव. व्यनि (खासगी निरोप) केला तरी चालेल.

तिखटजाळ | रविवार, सायं. ६.०५

दीड_पेगला सांगू नका. तो ग्रुप घेऊन जातो.

वेसावकरीण | रविवार, रात्री ८.२०

गटातल्या बायका विचारत होत्या, ते कालवण पिणारे पाहुणे पुन्हा कधी येणार. आता मार्गशीर्ष लागला. गुरुवारी बायका उपास करतात, बाजार थंड असतो, भाव उतरतो. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी गुरुवारी सकाळी वेसाव्याच्या बाजारात या. चिंबोरी अजून भरलेली आहे, पुढच्या भांगापर्यंतच. पिशवी घरून आणा.